बोटांना पाठ

कुइवास्तुच्या धक्क्यावर, तिकीटघराच्या मागल्या खोलीत
मी लॅपटॉप उघडला. समोर हेल्वे काडाक,
वय अडुसष्ट, पैकी एकतीस वर्षं याच खिडकीत.
मी म्हटलं, परीक्षा तुमची नाही, स्क्रीनची आहे.
ती म्हणाली, दुखणार नाही असं दातांचा डॉक्टरही म्हणतो.

काम पहिलं: उद्या दुपारची फेरी,
एक मोटार, दोन माणसं, एक कुत्रा.

तिचे हात कीबोर्डवर गेले आणि तिथेच घुटमळले.
जुन्या पडद्यावर, म्हणे, काही नसायचंच.
काळोख, आणि त्यात एक हिरवी रेघ उघडझाप करत उभी,
दारातल्या निरोप्यासारखी: बोला, काय सांगू?
चार अक्षरं, दोन आकडे, एन्टर.
बोटांना पाठ होतं सगळं,
म्हणून डोळे मोकळे असायचे, बाहेर बघायला,
कोणाचं पोर कठड्यावर चढलंय, कोण रडत उतरतंय.
"तेव्हा मी सांगायचे. आता तुम्ही हातात मेनू देता,
हॉटेलात बसवल्यासारखा.
मला भूक नाही रे, मला बोट सोडायचीय."

मग चित्रांवर आलो.
"हे काय, फळी असलेलं कपाट?"
ती फ्लॉपी आहे, मी म्हटलं. म्हणजे जतन करा.
"मग कपाटच की."
"आणि या तीन रेघा?"
त्यांच्यामागे बाकीचं सगळं आहे.
"लपवलंत कशाला?"
याचं उत्तर माझ्या चौदाव्या स्लाइडवर होतं.
मी ते काढलं नाही.

'पुढे' या बटणावर तिने सात वेळा बोट ठेवलं.
मी वहीत सात रेघा मारल्या, शेवटी राहवलं नाही:
ते राखाडी आहे ना, राखाडी म्हणजे अजून नाही,
फोन नंबर भरायचा राहिलाय.
तिने खिडकीकडे नुसती मान केली.
"इथे राखाडी असला की बोट सुटते.
पांढरा झाला की थांबते."

शेवटी विचारणा. तुम्हाला नक्की खात्री आहे?
हो. बदल जतन करायचे? हो.
नक्की रद्द करायचं? हो.
मोटार, दोन माणसं आणि कुत्रा धक्क्यावरच राहिले.

ती हसेल असं वाटलं. ती म्हणाली,
सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी. माझा एक आकडा चुकला.
पलीकडून शवपेटीची गाडी यायची होती,
सकाळऐवजी संध्याकाळच्या फेरीला लागली.
पडद्यावर फक्त 'ठीक' एवढंच आलं.
इकडे माणसं उकरलेल्या खड्ड्याभोवती दिवसभर उभी,
माती पुन्हा गोठली, कुदळी परत आणाव्या लागल्या.
यंत्राने विचारलं असतं तर? मी जरा उत्साहानेच म्हटलं,
कारण ती खिडकी मी बनवली होती.
"त्या दिवशी विचारलं असतं तर बरं झालं असतं.
रोज विचारलं असतं
तर त्याही दिवशी मी हो म्हटलं असतं."

परतीच्या फेरीत मांडीवर लॅपटॉप घेऊन
मी बारापैकी अकरा प्रश्न काढून टाकले.
बाराव्याशी बराच वेळ बसलो. शब्द बदलले,
पुन्हा होते तसे केले.
राखाडीचं काय करायचं ते सुचलं नाही.

खाली डेकवर एका खलाशाने
भिंतीवरचं लाल बटण दाबलं,
ताटलीएवढं, हातमोज्यासकट दाबता यावं असं.
ते आत गेलं, खटकन वाजलं,
आणि पायाखाली आख्खं लोखंड हललं.
एका बोटाने एक बोट.
त्याचं लक्ष बटणाकडे नव्हतंच,
तो धक्क्यावर कोणाला तरी हात करत होता.